शी आहे ते, टाक!

गांडूळ तिच्या तळहातावर होतं. ओलं, गुलाबी-तपकिरी, तिच्या करंगळीपेक्षा जरा लांब, आणि ते आखडत-ताणत अंगठ्याच्या दिशेने निघालं होतं. ठमी (लेकीचं खरं नाव इथे नको, ठमीच म्हणूया) तेव्हा एकोणीस महिन्यांची होती, उकिडवी बसलेली, डायपर मागून मातीला टेकलेलं. तिने आधी गांडुळाकडे बघितलं, मग मान वर करून माझ्या तोंडाकडे बघितलं. बोलली काहीच नाही, वीसएक शब्द येत असतील तेव्हा तिला, त्यात गांडूळ कुठून असणार. नुसतं बघितलं. पण ते बघणं म्हणजे विचारणंच होतं की, आई हे काय आहे, चांगलं का वाईट?

आणि मला गांडुळाची भयंकर किळस. लहानपणापासूनची. त्यामुळे विचारबिचार काही न करता जे तोंडातून आपोआप निघतं ते निघालं, "शीऽऽ! शी आहे ते, टाक! टाक आधी!"

तिने टाकलं. हात असा झटकला जसा काही चटकाच बसला. मग मी पर्समधून वेट वाइप्स काढले, तिचा हात खसाखसा पुसला, बोटांच्या बेचक्यासुद्धा, आणि तिला उचलून घरी आणलं. विषय संपला असं मला वाटलं.

दोन दिवसांनी परत बागेत गेलो तर बाईसाहेब मातीत उतरायलाच तयार नाहीत. पायाची बोटं वर ओढून घेतलेली, माझ्या कडेला घट्ट चिकटलेली, आणि जमिनीकडे बोट दाखवून "शी." गवत? शी. वाळकं पान? शी. एका झाडाच्या मुळाशी मस्त ओली काळी माती होती, जिथे आठवड्यापूर्वी हीच पोरगी कोपरापर्यंत हात घालून बसली होती, ती पण शी. स्वतःच्या चपलेला लागलेली धूळ दाखवून मला पुसायला लावली. माझा नवरा म्हणाला, अरे वा, केवढी स्वच्छ मुलगी आहे आपली. मला मात्र पोटात कसंतरी झालं, कारण ही स्वच्छता बिच्छता नव्हती, ही भीती होती आणि ती कुठून आली हे मला बरोबर माहिती होतं.

आता मी काही बालमानसशास्त्र वगैरे शिकलेली नाही, पण रात्री पोर झोपल्यावर वाचत बसायची सवय आहे (झोपायला हवं खरं तर). त्यात एक जुना प्रयोग सापडला, १९८५ सालचा. वर्षभराच्या बाळांना एका टेबलावर ठेवायचं, टेबलाचा अर्धा भाग साधा आणि पुढचा अर्धा काचेचा, आणि काचेखालचा तळ जरा खोल, त्यामुळे बाळाला वाटतं इथे खड्डा आहे. पलीकडच्या टोकाला आई उभी. तिने एक शब्द बोलायचा नाही, फक्त चेहरा करायचा. ज्यांच्या आया हसऱ्या चेहऱ्याने उभ्या होत्या त्या १९ पैकी १४ बाळं काचेवरून रांगत पलीकडे गेली. ज्यांच्या आयांनी घाबरलेला चेहरा केला त्या १७ पैकी एकही नाही गेलं. एकही नाही! मी ते दोनदा वाचलं. म्हणजे नुसत्या चेहऱ्याने हे होतं, आणि मी तर चेहरा अधिक आरडाओरडा अधिक वेट वाइप्स असा पूर्ण कार्यक्रम केला होता.

दुसरं जे वाचलं ते आठवून मला अजून हसू येतं. किळस माणसाला कधीपासून यायला लागते हे बघणारे एक मानसशास्त्रज्ञ आहेत, पॉल रोझिन. १९८६ च्या त्यांच्या अभ्यासात लहान मुलांसमोर जे काय काय ठेवलं त्यात कुत्र्याची शी पण होती, म्हणजे खोटी, शेंगदाण्याचं बटर आणि वास मारणारं चीज मिसळून हुबेहूब बनवलेली. दोन वर्षांखालच्या निम्म्याहून जास्त मुलांनी ती खुशाल खाल्ली. तेव्हा किळस काही आपण पोटातून घेऊन येत नाही, निदान या बाबतीत तरी. ती कोणीतरी शिकवावी लागते, आणि आपल्याकडे त्याच्यासाठी एका अक्षराचा शब्द आहे, जो बाळाच्या पहिल्या दहा शब्दांत हमखास असतो. ठमीचा तर सहावा होता. आई, बाबा, आजी, भुर्र, नाई, शी.

आणि बघा ना किती गोष्टींना आपण तोच एक शब्द वापरतो. डायपरमध्ये केलेली ती शी. जमिनीवर पडलेलं खाल्लं तर शी. नाकातलं शी, चपलेचा तळ शी, चिखल शी, झुरळ शी, आणि फुलावरचा भुंगा पण शी. पोराला यातून काय कळणार? एवढंच कळणार की जमिनीच्या आसपास जे काही हलतं किंवा ओलं असतं ते सगळं एकाच पिशवीतलं आहे.

मी एक दिवस मोजलं. बागेत असताना मी किती वेळा शी, नको, हात नको लावू, उठ तिथून, हळू, पडशील यापैकी काहीतरी म्हणते ते. मोबाइलवर एक काऊंटर लावला आणि दर वेळी टिचकी मारायची. तेवीस मिनिटांत एकेचाळीस. मग मी मोजायचं बंद केलं, लाज वाटली.

यातून बाहेर काढलं ते माझ्या आईने, आणि तेही न ठरवता. ती महिनाभर राहायला आली होती. मला वाटलेलं आता ही अजून ओरडणार, आज्यांचं कसं असतं, सर्दी होईल, टोपी घाल, अमुक कर. पण आईने ठमीला बागेत नेलं, स्वतः एका कडेला चक्क जमिनीवर फतकल मारून बसली आणि एका काडीने माती उकरायला लागली. बोलली काही नाही. ठमीला बोलावलं नाही, "ये बघ किती छान माती" असलं काही नाही. नुसती उकरत बसली, जसं काही तिला तिथे काहीतरी महत्त्वाचं काम आहे. मग बाटलीतलं पाणी ओतलं त्या खड्ड्यात. पाणी जिरलं. परत ओतलं. ठमी माझ्या मांडीवरून बघतेय. चौथ्यांदा ओतल्यावर उतरली आणि जाऊन आजीच्या शेजारी उभी राहिली, एक हात आजीच्या खांद्यावर, पाय अजून आखडलेलेच.

मी उठायला लागले तर आई म्हणाली, "तू बस गं तिथेच. तुझं तोंड बघून घाबरतं ते पोर."

असं तोंडावर म्हणाली. राग आला मला, खोटं कशाला बोलू. पण बसले.

त्या दिवशी ठमीने फक्त एक बोट लावलं मातीला. दुसऱ्या दिवशी खड्ड्यात काडी घातली. पाचव्या दिवशी ती त्या खड्ड्यात बसलेली होती. आईला विचारलं की तू काय केलंस, तर म्हणे काही नाही गं, धुतलं की जातं ते, त्यात काय करायचं.

आता जरा त्या खड्ड्याबद्दलच बोलते, कारण आयुष्यात पहिल्यांदा मी तोंड बंद ठेवून चाळीस मिनिटं एका लहान मुलाकडे बघितलं, आणि मला वाटायचं "मातीत खेळते" म्हणजे नुसता राडा करते, तर तसं अजिबात नसतं. तिच्याकडे एक फुटका मग होता. कोरडी माती मगात भरून ओतली, ती भुरभुर पडली. ती परत भरली, परत ओतली. असं अकरा वेळा. मग मगात पाणी होतं त्यात माती टाकली, आणि ओतली तर ती पडेचना! मग उलटा करून हलवला, आत डोळा लावून बघितलं, परत हलवला, आणि मग एकदम थप्प करून गोळा पडला. तिचा चेहरा बघायला हवा होता. एवढी दचकली की मागे बुडावर पडली, मग उठली आणि लगेच परत तेच करायला गेली, पण या वेळी पाणी जास्त झालं आणि सगळं सरबरीत होऊन वाहून गेलं. त्याच्यावर ती जी गंभीर झाली आहे ना! ओठ पुढे काढून, हात मागे, एखादा इंजिनिअर पूल पडल्यावर उभा असतो तशी.

मला तेव्हा कळलं की ही प्रमाण शोधतेय. किती पाण्याला किती माती. आणि हे शिकवता येत नाही कारण मला तरी कुठे माहितीये, प्रत्येक जागची माती वेगळी. वाळूचा कण दोन मिलिमीटरपर्यंत मोठा असू शकतो, चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही बारीक असतो, म्हणून वाळूतून पाणी सरळ निघून जातं आणि चिकणमाती ते धरून बसते, बोटाला चिकटते, वाळली की तडकते. हे आपण शाळेत कधीतरी पाठ करून विसरलो. तिला ते हाताला कळलंय. झाडाखालची माती आणि पायवाटेजवळची माती यात ती आता फरक करते, पायवाटेजवळची तिला आवडत नाही, गोळा होत नाही तिचा.

आणि पडणं. मी सारखं "पडशील" म्हणायचे ना, तर न्यूयॉर्कमधल्या काही संशोधकांनी नुकती चालायला लागलेली, बारा ते एकोणीस महिन्यांची मुलं मोकळी खेळताना बसून मोजलं, तर तासाला सरासरी २३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. तासाला सतरा! २०१२ चा अभ्यास आहे. म्हणजे पडणार हे ठरलेलंच आहे, मी ओरडले काय आणि नाही ओरडले काय. मग मऊ चिखलात पडलेलं काय वाईट, फरशीपेक्षा बरंच की. उलट निसरड्यावर ती कशी चालायला शिकली ते मी बघितलं, गुडघे वाकवून, पाय फाकवून, पंजे आत वळवून, बदकासारखी. कोणी सांगितलं नव्हतं तिला.

खेळण्यांबद्दल एक सांगून टाकते. तिच्या वाढदिवसाला आम्हाला एक "सेन्सरी प्ले किट" मिळालं होतं. त्यात एक ट्रे, एक फावडं, आणि पाकिटात कसलीतरी कृत्रिम वाळू, हाताला न चिकटणारी. हाताला न चिकटणारी! अहो मग सेन्सरी काय राहिलं त्यात? चिकटणं हाच तर सगळा मुद्दा आहे. ती दोन दिवस खेळली आणि मग ट्रे डोक्यावर घेऊन फिरली. आणि बागांचं पण तेच झालंय, खाली रबराचे मॅट, एक घसरगुंडी, दोन झोके, आणि उकरायला बोटभर जागा नाही. मजा म्हणजे अमेरिकेत मुलांसाठी मुद्दाम केलेल्या खेळाच्या जागांची सुरुवातच कशी झाली बघा, १८८५ साली बॉस्टनमध्ये मुलांसाठी नुसता वाळूचा ढीग आणून टाकला होता, कल्पना बर्लिनहून उचललेली. बस, ढीग. आणि डेन्मार्कमध्ये सोरेन्सन नावाचे एक लँडस्केप आर्किटेक्ट होते, त्यांच्या लक्षात आलं की आपण इतक्या निगुतीने आखलेल्या बागा सोडून पोरं बांधकामाच्या जागी दगड-फळ्या-मातीत जाऊन खेळतात. मग १९४३ मध्ये कोपनहेगनजवळ एम्ड्रपला त्यांच्या कल्पनेतून भंगाराचंच मैदान उभं राहिलं. तेव्हा महायुद्ध चालू, देश जर्मनांच्या ताब्यात, आणि हा माणूस पोरांना फळ्या आणि माती देतोय. मला फार आवडला हा माणूस.

बरं आता तो नेहमीचा विषय, इम्युनिटी. मी चिखलाचे फोटो टाकले की खाली कोणीतरी लिहितंच, छान छान, इम्युनिटी वाढते. वाढते का? जे वाचलं ते असं की १९८९ मध्ये स्ट्रॅचन या ब्रिटिश डॉक्टरने १९५८ साली जन्मलेल्या सतरा हजारांवर मुलांची माहिती तपासली, आणि ज्यांना मोठी भावंडं जास्त त्यांना पुढे परागकणांची ॲलर्जी कमी असं त्याला दिसलं. त्यातून ती प्रसिद्ध "जास्त स्वच्छता वाईट" वाली थिअरी निघाली, पण मूळ मुद्दा भावंडांचा होता, मातीचा नाही. नंतर ग्रॅहम रूक वगैरे संशोधकांनी २००३ मध्ये ती जरा बदलून मांडली, की आजार व्हायला हवेत असं नाही, तर माती, प्राणी, माणसं यांच्यातले जे निरुपद्रवी जंतू हजारो वर्षं आपल्या सोबत राहिलेत, त्या "जुन्या मित्रांची" ओळख शरीराला लहानपणी व्हायला हवी. आणि अगदी मातीबद्दलच म्हणाल तर फिनलंडमध्ये काही पाळणाघरांच्या खडी घातलेल्या अंगणांत जंगलातली जमीन आणि गवताचे थर आणून टाकले, तीन ते पाच वर्षांची मुलं त्यात रोज खेळली, आणि २८ दिवसांत त्यांच्या त्वचेवरच्या जंतूंचे प्रकार वाढले, रक्तातल्या प्रतिकारशक्तीशी संबंधित काही गोष्टी पण चांगल्या दिशेने हलल्या. २०२० मध्ये छापून आलं हे. छान आहे. पण मुलं थोडी होती आणि महिनाभराची गोष्ट, यावरून "चिखल खेळा, सर्दी टाळा" असं कोणी म्हणू नये. ठमीला या वर्षी पण सर्दी झालीच, रीतसर, तीन वेळा.

आणि खरं सांगू का, मला हे इम्युनिटी प्रकरण थोडं खटकतंच. म्हणजे मातीला पण आपण टॉनिक करून टाकलं. रोज दोन चमचे, जेवणानंतर. पोराला मजा येते हे कारण आपल्याला पुरत नाही का? जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून सांगतेय की एक ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसातून एकूण तीन तास तरी हालचाल करावी आणि वर्षाच्या मुलाला स्क्रीन नकोच. तीन तास! घरात तीन तास काय हलणार ते पोर, सोफ्यावरून टीपॉयवर आणि टीपॉयवरून माझ्या अंगावर. बाहेर सोडलं की त्याचा हिशोबच ठेवावा लागत नाही.

आता "शी" वर परत येते. आई गेल्यावर मी ठरवलं की हा शब्द जपून वापरायचा. टाकून द्यायचा नाही, कारण तो लागतो. बागेत खरंच शी म्हणण्यासारख्या गोष्टी असतातच, आणि उगाच माती म्हणजे आई वगैरे भावुक होऊन चालत नाही. मांजर-कुत्र्यांची शी, ही एक नंबर, कारण त्यातून जंत होतात, आणि मांजरांना वाळूचा ढीग म्हणजे आयतं संडास वाटतं, म्हणून घरी वाळू ठेवली असेल तर खेळून झालं की झाकून ठेवायची. गटाराचं पाणी, उंदीर-घुशी फिरतात तिथली डबकी, शी. औषध फवारलेलं गवत, शी. जुन्या इमारतीच्या भिंतीलगत रंगाचे पोपडे पडलेले असतात तिथली माती पण नको, जुन्या रंगांत शिसं असायचं आणि ते मातीत तसंच पडून राहतं, या वयाची पोरं हात तोंडात घालणारच. वर्दळीच्या रस्त्याकडेची माती पण त्याचसाठी नको. काच, खिळे. त्यामुळे मी जायच्या आधी पाच मिनिटं त्या जागेवर एक चक्कर मारते, पायाने माती उकरून बघते, आणि मग तिला सोडते. एकदा सोडलं की मग मात्र मागे मागे नाही.

डॉक्टरांना विचारलं तर त्यांना काही फार धक्का बसला नाही. धनुर्वाताची लस वेळेवर झालीय ना, ते बघितलं, कारण त्याचे जंतू मातीतच असतात. जंताच्या औषधाचं विचारून घेतलं, जिथे जंतांचं प्रमाण जास्त तिथे ते एक वर्षापासूनच ठराविक काळाने द्यायला सांगतात. नखं बारीक ठेवा म्हणाले. आणि माती खाल्ली तर? चव बघण्यापुरती तोंडात घालणं या वयात सगळेच करतात, पण एखादं मूल रोज मुद्दाम, शोधून, मुठीने माती खात असेल तर दाखवायला आणा, लोह कमी असू शकतं. ठमीने एकदा भरपूर तोंडात घातली होती. मी काही बोलले नाही (जिभेवर आलेलं गिळलं), तिने दोनदा चावलं, कचकच आवाज आला, मग जीभ बाहेर काढून हाताने सगळं ओढून काढलं आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं जणू मीच भरवली होती. त्यानंतर नाही खाल्ली. माझ्या एकेचाळीस "नको" पेक्षा हे एक कचकच जास्त कामाला आलं.

पाण्याचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड, तोल गेला की तोंडावरच जातं, आणि काही सेंटिमीटर पाण्यात पण बुडू शकतं, आवाजसुद्धा न करता. डबकं असो किंवा हात धुवायला ठेवलेली बादली, मी हाताच्या अंतरावर असते, मोबाइल पिशवीत. बाकी वेळी लांब बसते पण पाणी असलं की नाही.

कपड्यांचं विचारतात सगळ्या जणी म्हणून सांगते. दोन जोड मातीचे ठेवलेत, गडद रंगाचे, त्यांच्यावर जीव लावायचा नाही. ओला चिखल घाईघाईने चोळायचा नाही, तो अजून आत जातो. वाळू द्यायचा, झटकायचा, जेवढा झडेल तेवढा झडू द्यायचा, मग कपडे बादलीत गार पाण्यात बुडवून ठेवायचे आणि खाली बसलेला गाळ झाडाला. थेट बाथरूममध्ये धुतलं तर जाळी तुंबते, हे मी प्लंबरला दोनदा बोलावल्यावर शिकले. डायपर ओल्या मातीत सुजून गुडघ्यापर्यंत लोंबतो आणि आत पुरळ उठतं, म्हणून मी आता साधी चड्डीच घालते आणि जे होईल ते होईल. आणि हात साबणानेच धुवायचे, सॅनिटायझर मातीने भरलेल्या हातांवर नीट काम करत नाही, नुसता गारेगार चिखल होतो. वेट वाइप्सचं पाकीट अजून आहे पर्समध्ये, पण सुकून गेलंय.

लोक बोलतात. एक काकू रोज फेरी मारायला येतात, त्या थांबून विचारतात, "हिची आई कुठंय?" मी हात वर करते. एकदा एका बाबांनी त्यांच्या मुलाला ठमीपासून ओढून नेलं, पोरगं बिचारं मान मागे वळवून वळवून त्या खड्ड्याकडे बघत होतं. मला त्यांचा राग नाही येत. मी तीच होते ना सहा महिन्यांपूर्वी, तीच पर्स, तेच वाइप्स. आणि कधी कधी खरंच घाई असते, कोणाकडे जायचं असतं, अंगात त्राण नसतं, तेव्हा मी पण नाही सोडत तिला. "आज माती नाही, उद्या" एवढं सांगते. शी नाही म्हणत. ती रडते, रडू दे, पण ते वेगळं रडणं आहे.

पाऊस पडून गेल्यावर जो वास येतो ना, तो म्हणे मातीतले जीवाणू तयार करतात त्या जिऑस्मिन नावाच्या पदार्थाचा असतो, आणि आपल्या नाकाला तो एक लाख कोटी भागांत पाच-दहा भाग असला तरी कळतो. बाकी नाकाच्या बाबतीत कुत्र्यांपुढे आपण कोणीच नाही, पण या एका वासाला इतके तयार कसे काय झालो आपण, मला फार नवल वाटतं त्याचं. तर मागच्या आठवड्यात तसाच वास सुटलेला, माती मस्त भिजलेली, आम्ही दोघी गेलो. ठमी आता पंचवीस महिन्यांची आहे, वाक्यं बोलते तोडकीमोडकी. मांजराने कुठेतरी कार्यक्रम केलेला तिला लांबून दिसला, तिने बोट दाखवलं, "आई, शी." मी म्हटलं, बरोबर, शी. आपण इकडे बसू.

इकडे बसलो. तिने नेहमीसारखं उकरायला सुरुवात केली आणि दहाएक मिनिटांनी पुढ्यात येऊन उभी राहिली, मूठ बंद. "हात कर." मी हात केला. तिने मूठ उघडली आणि माझ्या तळहातावर ते ठेवलं. चांगलं जाडजूड होतं या वेळी. थंडगार. आणि ते लगेच चालायला लागलं, मनगटाच्या दिशेने, अंगावर काटा आला माझ्या, अगदी कानामागून.

ठमी गांडुळाकडे बघतच नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होती.

"गांडूळ," मी म्हटलं. आवाज कसा निघाला मलाच माहीत नाही.

"दांदूळ," ती म्हणाली आणि अशी खदखदून हसली, माझं तोंड नक्की कसं झालं होतं कोण जाणे. मग पाठ फिरवून गेली परत खड्ड्याकडे, तिला कामं होती. आणि मी तिथे हात पुढे करून बसलेली, याला आता खाली कसं ठेवायचं ते कळत नव्हतं.